पोटावरची तीन अक्षरे

मी चालू असताना माणसे कानांवर हात ठेवतात. म्हणून हे सगळे मी बंद पडल्यावर सांगतो आहे. मी एक ग्राइंडर आहे, हातात धरून लोखंड घासायचा. पुढे गरगर फिरणारे दगडी चाक, मागे तांब्याच्या तारांनी भरलेले पोट, बाजूला एक मूठ आणि शेपटीसारखी काळी वायर, एवढाच माझा देह. मला हळुवारपणा जमत नाही. मी ज्याला स्पर्श करतो, त्याचा थोडा भाग ठिणग्या होऊन जातो. हे मी फुशारकीने सांगत नाही आणि खंतावूनही नाही. माझी घडणच तशी आहे.

माझा जन्मही मारहाणीत झाला. तारा गुंडाळून आणि कवच आवळून झाल्यावर कारखान्यातल्या माणसाने मला पूर्ण वेगात एका लोखंडी पट्टीवर दाबून धरले. माझ्या आधीचा ग्राइंडर त्याच पट्टीवर धूर ओकून मेला होता. मी किंचाळलो, पण जळलो नाही, म्हणून खोक्यात गेलो.

मला विकत घेतले ते समुद्रापासून फार आत असलेल्या एका गावातल्या फौंड्रीने. ती दोन भावांची होती. थोरला भट्टीचा माणूस. त्याच्या भुवया कधीच पूर्ण वाढत नसत, कारण त्या वरचेवर जळत. धाकटा बोलण्याचा माणूस. गिऱ्हाईक, ट्रकवाले, सरकारी साहेब, सगळे त्याच्या वाट्याला. पाण्याच्या आणि वाफेच्या मोठ्या नळांवर बसणारे व्हॉल्व्ह तिथे ओतले जात. वितळलेले लोखंड वाळूच्या साच्यात पडे, थंड झाले की साचा घणाने फोडत, आणि आतून निघालेल्या व्हॉल्व्हच्या बोथट, वेड्यावाकड्या कडा मी उडवत असे.

मला चालवणाऱ्या कामगाराला सगळे ‘गॉगल’ म्हणत. त्याच्या डोळ्यांवरचा गॉगल उतरलेला कुणी पाहिलाच नव्हता. एकदा माझे चाक फिरता फिरता फुटले आणि त्याचा तुकडा त्याच्या गालातून आरपार गेला. जखम भरली, पण तेव्हापासून त्याचे हसू त्या बाजूला येऊन अडकत असे.

तिथल्या प्रत्येक व्हॉल्व्हच्या पोटावर तीन उठावदार अक्षरे असत. ते दोघा भावांच्या आईचे नाव होते, आणि फौंड्रीचेही तेच. पहिल्या भट्टीचा कोळसा त्या बाईने डोक्यावरून वाहिला होता, असे म्हणत.

‘‘बाकी कुठंही चाक फिरव,’’ थोरला गॉगलला बजावी, ‘‘पण आईला धक्का लागला, तर तुझा दुसरा गाल मी फोडीन.’’

‘‘मग मला हसायचं कुठून, दादा?’’ गॉगल विचारी.

एकाच देशातला एक भाग परदेशी भरपूर माल पाठवतो आणि दुसरा जवळजवळ काहीच पाठवत नाही, याविषयी मोठी माणसे आकड्यांत बोलतात. माझे मोजमाप वेगळे आहे. माझ्यासाठी प्रदेश म्हणजे वायरीतून येणारा जोर. त्या गावात वीज दमून यायची. जोर कमी पडला की माझे चाक लोखंडात रुतायचे, पोट तापायचे आणि मी गुरासारखा हंबरायचो. माझे एक वेळ ठीक. पण भट्टी पेटलेली असताना वीज गेली की आतले लोखंड तिथेच थिजून दगड होई. असा एक गोळा भट्टीतून फोडून काढताना थोरल्याला मी पाहिले आहे. तो त्याच्यावर घण घालत होता, आणि प्रत्येक घावाला वीज खात्याच्या साहेबाच्या खानदानाचा उद्धार करत होता. हाताच्या कातड्याची साले निघाली तरी थांबला नाही.

वीज असली तर रस्ता नसे. बंदरापर्यंतच्या खड्ड्यांत ट्रक असा आदळे की व्हॉल्व्ह एकमेकांवर आपटून त्यांचे बोल्ट बसवायचे कान तुटत. तपासणीचा मान्यताप्राप्त बेंच नाही, कंटेनर भरण्याचे आवार नाही. परदेशी गिऱ्हाईक बंदरावर उतरून ‘गाव किती लांब’ असे विचारी, आणि उत्तर ऐकून तिथूनच परत जाई.

‘‘समुद्राकाठी आपलं एक दार पाहिजे, दादा,’’ धाकटा एकदा म्हणाला. ‘‘तू इथं ओत. मी तिकडे माल तपासून, रंगवून बोटीत चढवतो.’’

‘‘दार उघड की. त्यासाठी घर फोडायचं काय कारण?’’

‘‘घर कोण फोडतंय? तिकडे माझ्या नावावर धंदा लागतो. बँक तसंच म्हणते.’’

‘‘तुझ्या नावावर! आईच्या नावाला काय वाळवी लागली?’’

धाकट्याचे म्हणणे गैर होते असे मी म्हणणार नाही. पण थोरल्याला त्यातला ‘माझ्या’ एवढाच शब्द ऐकू आला. वाटणीच्या दिवशी त्याने धाकट्याच्या हिश्श्याच्या वस्तू ट्रकमध्ये ठेवल्या नाहीत, फेकल्या. ‘‘हापण घेऊन जा,’’ म्हणत त्याने मला असा भिरकावला की माझ्या कवचाला चीर गेली. गॉगलही माझ्याबरोबर निघाला. ‘‘यंत्रावर माणूस फुकट,’’ तो ट्रकवाल्याला म्हणाला.

समुद्राकाठच्या त्या शहरात मला पहिल्यांदा माझा खरा वेग कळला. बटण दाबताच वीज अशी अंगात घुसली की गॉगलच्या हातून मी निसटता निसटता राहिलो. धाकट्याच्या वर्कशॉपच्या दारातून गुळगुळीत रस्ता थेट बंदरात जात होता. कस्टमचे ऑफिस, बँक, तपासणीची सोय, सगळे हाकेच्या अंतरावर. इथली माणसे तिथल्या माणसांपेक्षा हुशार होती, असे माझ्या अनुभवात आले नाही. हातोडा दोन्हीकडे सारखाच आपटत होता. फरक वायरीत होता, रस्त्यात होता.

थोरल्याकडून कच्च्या व्हॉल्व्हचा पहिला ट्रक आला, तेव्हा धाकट्याने त्यातला एक उचलून माझ्यासमोर ठेवला. पोट वर करून.

‘‘ही अक्षरं उडव,’’ तो गॉगलला म्हणाला.

‘‘शेठ, हे आईसाहेबांचं–’’

‘‘मला वाचता येतं. गिऱ्हाईकही वाचतं. नाव वाचतं, पत्ता काढतं, आणि पुढच्या खेपेला थेट तिकडे जातं. मग आपण इथं काय लाटा मोजायच्या?’’

गॉगलने मला खाली ठेवले. तेव्हा धाकट्याने स्वतः मला उचलले. त्याला माझी सवय नव्हती. मी त्याच्या हातात उड्या मारत होतो. पहिले अक्षर पेटले, लाल झाले, सपाट झाले. दुसरे. तिसरे. ठिणग्या त्याच्या बाह्यांत शिरून कातडी भाजत होत्या आणि तो दात आवळून दाबतच होता. त्यानंतर मात्र हे काम गॉगलने केले. धाकट्याच्या हातून व्हॉल्व्ह फार खरवडले जातात, एवढेच कारण त्याने दिले.

वर्कशॉपमध्ये दिवसभर रेडिओ चालू असे. एकदा त्यावर निर्यातीचे विभागवार आकडे सांगितले. समुद्राकाठचा पट्टा सर्वांत पुढे होता. आतल्या भागाचा वाटा ‘नगण्य’ होता. गॉगलने आजूबाजूला पाहिले. भिंतीपाशी रचलेला एकूण एक व्हॉल्व्ह त्या नगण्य भागातून आलेला होता.

‘‘ऐकलंस का रे,’’ तो एका व्हॉल्व्हला थोपटत म्हणाला, ‘‘तू जन्मलाच नाहीस म्हणे.’’

तपासणीच्या बेंचवर थोरल्याची लेक काम करत असे. शिक्षण पुरे करून ती काका-काकूंकडे राहायला आली होती, कारण जे काम ती शिकली होती, त्याचा बेंचच तिच्या गावात नव्हता. व्हॉल्व्हची तोंडे झाकणांनी बंद करायची, आत पाणी भरायचे, पंपाने दाब चढवायचा. कुठे पाझरला तर नापास. धाकटा तिला ‘वाघीण’ म्हणे, कारण एक थेंब दिसला तरी ती माल परत फेके. अक्षरे घासली जातात हे तिला दिसत होते. एकदा तिने विषय काढलाही. ‘‘तुझ्या बाबांशी मी बोलतो,’’ काका म्हणाला, आणि बोलला नाही. घरात आग नको म्हणून तीही गप्प राहिली.

मग थोरला स्वतःच आला. त्याने गावाजवळ कंटेनरचे आवार आणि फौंड्रीसाठी वेगळी वीजवाहिनी मागितली होती. सरकारी साहेबाने त्याला विचारले होते, ‘‘तुमच्या भागातून निर्यात होतच नाही, मग आवार कुणासाठी बांधायचं?’’ विजेचा जोर असाच राहिला तर भट्टी फार दिवस टिकणार नव्हती. म्हणून परदेशी निघालेला, रंगवलेला एक व्हॉल्व्ह साहेबाच्या टेबलावर नेऊन आदळायचा आणि आईचे नाव दाखवायचे, असे ठरवून तो भल्या सकाळी वर्कशॉपमध्ये शिरला. खुशीत होता. गॉगलच्या पाठीत त्याने एक गुद्दाही घातला.

‘‘चांगलासा एक दे. साहेबाचं टेबल मोडलं पाहिजे.’’

गॉगल जागचा हलला नाही. थोरल्याने स्वतःच निळ्या रंगाचा एक व्हॉल्व्ह फिरवला आणि पोटावर अंगठा ठेवला. अंगठा सरकत गेला. त्याने दुसरा फिरवला. मग तिसरा. मग तो फिरवेनासा झाला आणि ढकलू लागला. व्हॉल्व्ह फरशीवर आपटून धडाधड लोळू लागले. आवाजाने धाकटा केबिनमधून बाहेर आला.

‘‘आईला खरवडलंस?’’

‘‘दादा, आत ये. चहा घे. बसून बोलू.’’

‘‘आईला खरवडलंस का, ते सांग!’’

‘‘आईनं ऑर्डर आणली नसती, दादा. ती मी आणली.’’

थोरल्याचा हात भट्टीचा होता. पहिल्या फटक्यात धाकट्याचा ओठ फाटला, दुसऱ्यात तो माझ्या टेबलावर येऊन कोसळला. मग त्यानेही डोक्याने धडक मारली. दोघे पन्नाशीचे, केस पिकलेले. रंगाच्या डब्यांतून, लोखंडाच्या चुऱ्यातून, एकमेकांच्या गळ्याला धरून लोळत होते. थोरल्याने हातोडा उचलला तेव्हा लेक मधे शिरली. ती त्याच्या मनगटाला लोंबकळली, अक्षरशः लोंबकळली, तेव्हा कुठे हातोडा त्याच्या हातातून सुटला.

‘‘तुला ठाऊक होतं?’’ त्याने तिला विचारले.

तिने त्याचे मनगट सोडले. तेवढे उत्तर त्याला पुरले.

माल विकायला थोरल्याला दुसरे दार नव्हते. पुढच्या ट्रकमध्ये जे व्हॉल्व्ह आले, त्यांच्या पोटावरची अक्षरे उठावाची नव्हती. ती खोल होती, लोखंडात रुतलेली. थोरल्याने पॅटर्नच बदलला होता; पॅटर्न म्हणजे ज्याच्यावरून वाळूत व्हॉल्व्हचा ठसा घेतात, तो धातूचा नमुना. ‘‘आता घास म्हणावं,’’ असा त्याचा निरोप ट्रकवाल्याने तोंडी आणला. अक्षरे आत घेतली तर त्या जागी पोटाची भिंत जाड करायला हवी होती. रागाच्या भरात त्याने ती केली नाही. इतके खोल कुणी घासणारच नाही, असे त्याने धरून चालले होते.

धाकट्याने आधी त्या खाचांत पुट्टी भरून वर रंग दिला. गिऱ्हाईकाच्या तपासनीसाने नख लावले आणि पुट्टीची खपली निघाली. पोटाला भोक पडले म्हणून ते बुजवले असेल, अशी त्याला शंका आली. त्याने आठवड्याची मुदत दिली आणि माल नीट करून दाखवा म्हणाला.

‘‘घास,’’ धाकटा गॉगलला म्हणाला. ‘‘अक्षरं दिसेनाशी होईपर्यंत घास.’’

आता मी जे सांगतो त्याला पुरावा म्हणून माझ्याकडे फक्त माझा आवाज आहे. जाड लोखंडावर मी गुरगुरतो. भिंत पातळ होत गेली की तीच गुरगुर वर चढते, बारीक होते आणि शेवटी किंचाळी होते. त्या दिवसांत मी सतत किंचाळत होतो. बेंचपाशी उभ्या असलेल्या लेकीने ते ऐकले. ती आली, एका पोटावर तिने लहान हातोडीने टकटक केले आणि माझी वायर ओढून काढली.

‘‘काका, भिंत गेली यातली. हा सगळा माल भंगारात घाला.’’

‘‘एवढासा तर घासलाय.’’

‘‘बाबांनी खोदलं, वर तुम्ही घासलं. राहिलं काय मग? पापड?’’

तिने तिथूनच बापाला फोन लावला. पलीकडचा आवाज भट्टीशेजारी बोलायच्या सवयीचा, त्यामुळे सगळ्यांनाच ऐकू येत होता.

‘‘बाबा, अक्षरं पहिल्यासारखी उठावाची करा. पातळ होतंय. फुटेल.’’

‘‘मी का करू? घासणाऱ्याला सांग.’’

‘‘त्यांनाही सांगतेय. तुम्ही दोघं हट्टाला पेटलात, पण दाब मला चढवायचाय.’’

‘‘मग ये निघून घरी.’’

‘‘घरी येऊन काय करू? तिकडे बेंच आहे?’’

पलीकडे फोन ठेवला गेला.

मुदतीच्या शेवटच्या दिवशी तपासनीस दुपारी यायचा होता. लेक पाण्यावर तपासल्याशिवाय एकही व्हॉल्व्ह सोडायला तयार नव्हती. पाणी भरायला, काढायला, वाळवायला वेळ लागतो. धाकट्याने हवेची नळी ओढून आणली. पाण्याच्या दाबाखाली व्हॉल्व्ह फुटला तर पाणी नुसते सांडते. दाबलेली हवा सुटली तर उसळते, एवढे त्या वर्कशॉपमधल्या झाडूवाल्यालाही माहीत होते. धाकट्यालाही होते.

‘‘हवेवर घ्यायचं नाही, काका.’’

‘‘तू घेऊ नकोस. मी घेतो. एकदा बघ डोळ्यांनी, म्हणजे तुझं तोंड बंद होईल.’’

त्याने व्हॉल्व्ह आवळला आणि हवेचा कॉक उघडला. दाबाचा काटा चढू लागला. मी टेबलावर पडून होतो. माझी वायर खाली लोंबत होती. लेक आधी दोन पावले मागे सरली. मग तिने काट्याकडे पाहिले, काकाकडे पाहिले, आणि कॉक बंद करायला हात लांब करून पुढे झेपावली.

व्हॉल्व्हचे पोट फुटले.

तो आवाज माझ्या सगळ्या आवाजांच्या वरचा होता. पत्र्याचे छत वर उडाल्यासारखे वाजले. दिवे फुटले. लोखंडाचा पळीएवढा तुकडा लेकीच्या उजव्या कोपरातून गेला आणि मागच्या लाकडी खोक्यात घुसला. तिचा हात कोपराखाली नुसता कातड्याला लटकत होता. धाकटा फरशीवर बसला होता, कानातून रक्त, तोंड उघडे. गॉगलने माझीच वायर चाकूने कापली, तिच्या दंडाला गुंडाळली आणि गाठ आवळली. ती शुद्धीवर होती.

‘‘कॉक,’’ ती म्हणाली. ‘‘कॉक बंद करा आधी.’’

दवाखान्यातले मी पाहिलेले नाही. ते गॉगलकडून ऐकलेले आहे, आणि गॉगल थोडे तिखटमीठ लावतो, हे ध्यानात घ्यावे. हात कोपरापासून कापावा लागला. थोरला पोचला आणि बाकावर बसलेल्या भावाची त्याने तिथेच गचांडी धरली. भिंतीवर डोके आपटल्याचा आवाज आत खाटेपर्यंत गेला. तेव्हा आतून लेकीचा आवाज आला:

‘‘भांडायचं असेल तर रस्त्यावर जा दोघं. इथं पेशंट झोपलेत.’’

दोघे बाहेर जाऊन पायरीवर बसले. काकूने दोघांना एकाच पेल्यातून पाणी पाजले, कारण दुसरा पेला नव्हता.

जखम भरल्यावर बापाने तिला घरी न्यायचा विचार केला. ती जाणार नव्हती. डाव्या हाताने पंप मारता येतो की नाही, हे तिने पाहून घेतले होते. वर्कशॉप पुन्हा सुरू होणार होते. प्रत्येक व्हॉल्व्ह पाण्यावर तपासला, तर माल घेऊ, असे गिऱ्हाईकाने कळवले होते.

मग एक दिवस थोरला वर्कशॉपमध्ये आला. बगलेत पोते होते. माझी वायर गॉगलने नवी बसवली होती. थोरल्याने माझ्याकडे पाहिले, मला उचलले आणि बटण दाबले.

धाकटा समोरच उभा होता. थोरला माझे फिरते चाक पुढे धरून त्याच्याकडे चालू लागला. कामगार भिंतींना चिकटले. धाकटा मागे सरला नाही. त्याने हात बाजूला घेतले.

‘‘मार, दादा. एकदाचं मार.’’

माझे चाक त्याच्या छातीशी आले. शर्टाचे बटण मी उडवले. ते पत्र्यावर जाऊन आपटले. धाग्याचे एक टोक चाकाला गुंडाळले गेले आणि जळाले. कापडाखालच्या मांसाची ऊब मला लागत होती. थोरल्याची पकड माझ्या मुठीवर आवळत होती. मी ती पकड चांगली ओळखतो. माणूस सगळा जोर लावून स्वतःलाच आवरत असतो, तेव्हाची ती असते.

तो वळला. पोते उलटे केले. आतून जुना पॅटर्न पडला, ॲल्युमिनियमचा, पोटावर तीन उठावदार अक्षरे असलेला. त्याने तो पायाखाली दाबला आणि मला त्यावर टेकवले.

‘‘दादा! काय करतोस?’’ धाकटा ओरडला. ‘‘राहू दे नाव. मी हात लावणार नाही.’’

‘‘आज नाही लावणार. उद्या बोट सुटायला लागली की लावशील. तुझ्या शब्दावर मी पोरीला त्या बेंचपाशी उभी करणार नाही. नावच नसलं, तर घासशील काय?’’

पहिले अक्षर गेले. ॲल्युमिनियम मऊ, त्याला ठिणग्या नसतात, ते चिखलासारखे वितळून चाकात भरते. दुसरे अक्षर जात असताना गॉगल पुढे धावला. ‘‘दादा, चाक भरलं! थांबा, फुटेल!’’ थोरला ऐकत नव्हता. त्याचे दात दिसत होते, डोळ्यांतून पाणी वाहत होते आणि तो मला छातीच्या जोराने दाबत होता, भट्टीत थिजलेल्या त्या गोळ्यावर घण घालत होता तसाच.

चाक फुटले. एक तुकडा छताला गेला, एकाने थोरल्याची भुवई कपाळापर्यंत फाडली. माझा दांडा वाकला, तारा आतल्या आत पेटल्या, आणि मी त्याच्या हातातून सुटून फरशीवर आपटत, धूर ओकत, स्वतःभोवती फिरत राहिलो. धाकट्याने माझी वायर उपटली. मग तो पॅटर्नवर पालथा पडला आणि त्याने तो पोटाखाली घेतला.

‘‘बास! आता आईला कुणी हात लावायचा नाही.’’

‘‘आता आठवली होय रे तुला आई?’’ थोरला म्हणाला. रक्त त्याच्या हनुवटीवरून ठिबकत होते.

लेक बेंचपासून आली. रिकामी बाही तिने खांद्याशी पिनने अडकवलेली होती. तिने बापाच्या कपाळाला फडके लावले, काकाच्या पोटाखालून पॅटर्न ओढून घेतला आणि उजेडाकडे धरला. दोन अक्षरांच्या जागी ओरखडे होते. शेवटचे अक्षर शाबूत होते. त्यावर तिने डावा अंगठा फिरवला, बराच वेळ फिरवला.

‘‘बाबा, यावरून ओता,’’ ती म्हणाली. ‘‘जेवढं राहिलंय तेवढं ठेवून. आणि काका, नीट ऐका. हे अक्षर उठून दिसलं, तर मी समजेन भिंतीला कुणी चाक लावलेलं नाही. नाही दिसलं, तर तो व्हॉल्व्ह माझ्या बेंचवर चढणार नाही. मग बोट सुटो नाहीतर बुडो.’’

गॉगलने मला पायाने टेबलाखाली सरकवले.

तेव्हापासून मी भंगाराच्या खोक्यात आहे. माझी मूठ गॉगलने नव्या ग्राइंडरला लावली. खोक्याच्या फटीतून मला बेंच दिसतो. प्रत्येक व्हॉल्व्ह चढवण्याआधी ती डावा हात त्याच्या पोटावरून फिरवते, अक्षर चाचपते, आणि मगच पाण्याचा कॉक उघडते. परदेशातल्या गिऱ्हाईकाला ते अक्षर म्हणजे मापाची खूण वाटते. धाकट्याने त्याला अजून खरे सांगितलेले नाही, पण त्याच्या केबिनबाहेरच्या कुठल्याही चाकाला त्या अक्षरापाशी जाऊ दिलेले नाही, हेही खरे. थोरला तसाच एक व्हॉल्व्ह घेऊन पुन्हा साहेबाकडे गेला होता. ‘‘एका अक्षरावरून काय सिद्ध होतं?’’ साहेब म्हणाला. रेडिओवर आतल्या भागाचा वाटा अजून नगण्यच सांगतात. भट्टी अजून चालू आहे, एवढे मात्र ट्रक येतात त्यावरून मला कळते.

भंगाराची गाडी कधीही येईल. तांबे उपटून घेतील, कवच ठेचतील, बाकीचे वितळवतील. त्याची मला तक्रार नाही. मी कुणाला हळुवारपणे वागवले नाही, मला कुणी का वागवावे? जाण्याआधी मात्र तुम्हाला एक सांगायचे आहे. तुमच्या गिरणीत, जहाजात किंवा इमारतीच्या तळघरात एखादा व्हॉल्व्ह असेल. त्याच्या पोटावर हात फिरवून बघा. एखादे उठावदार अक्षर बोटाला लागले, तर खुशाल शेजारी उभे राहा. आणि काहीच लागले नाही, नुसती गुळगुळीत जागा लागली, तर जरा लांब सरा.